घंटेचा गेटपास

रिटायर झाल्यावर बाईमाणसानं जरा निवांत बसावं, असं मला सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकही जण निवांत बसलेला मी पाहिलेला नाही. सगळी नोकरी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवण्यात गेली. मुलांना रांगेत आणि राजांना सनावळीत उभं करायची सवय लागली, ती सुटत नाही. गेल्या हिवाळ्यात मी स्वयंपाकघरातले डबे तीनदा नव्यानं लावले, कुंड्या इकडच्या तिकडे केल्या आणि कालव्याच्या कडेनं इतकी चालले की ओळखीचे लोक मला शुगर निघाली का म्हणून विचारायला लागले. अशात कारखान्याच्या वसाहतीतले फादर स्कूटरवरून बारामतीला आमच्या घरी आले. येत्या एक मेला आमच्या चर्चला पन्नास वर्षं होतात, स्मरणिका काढायची आहे, तुम्ही इतिहास लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं. चहाला उकळी यायच्या आत मी हो म्हणून बसले.

आम्ही ख्रिस्ती नाही. पण मी त्या वसाहतीत वाढले. इंदापूर तालुक्यातला साखर कारखाना, त्याचं नाव इथं लिहीत नाही. माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे तात्या म्हणतात, ते तिथं स्टोअरकीपर होते. साध्या नटबोल्टपासून मिलच्या रोलरपर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात असायचं. आता ते नव्वदीला आलेत, माझ्याकडे राहतात, कानांनी ठणठणीत आहेत आणि पेपर अजून जाहिरातींसकट वाचतात. फादर बोलत होते तेव्हाही ते हॉलमधल्या पलंगावर पेपरच वाचत होते. मी हो म्हटल्यावर त्यांनी पेपर खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि परत तोंडासमोर धरला. मला ते दिसलं. फादरना दिसायचं कारण नव्हतं.

मग मी कामाला लागले. कामाला लागणं मला आवडतं, कारण त्यात फारसा विचार करावा लागत नाही. आठवड्यातून दोनदा सकाळची इंदापूर गाडी धरायची, भवानीनगर, लासुर्णे करत पुढं उतरायचं आणि वसाहतीत जुनी माणसं शोधत हिंडायचं. निम्मे क्वार्टर रिकामे आहेत, त्यांच्या दारांत एरंड उगवलाय. उरलेल्या म्हाताऱ्यांना मी विचारायचे की चर्च कधी बांधलं, आणि एकही जण सन सांगायला तयार नसायचा. आमच्याकडं सन कुणी सांगत नाही, हंगाम सांगतात. मिलचा शाफ्ट तुटला तो हंगाम. जून उजाडला तरी ऊस संपेना तो हंगाम. पाणी नव्हतं म्हणून बॉयलर पेटलाच नाही तो हंगाम. लग्नं, बाळंतपणं, मरणं सगळी ह्याच खुंट्यांवर टांगलेली असतात. मी शाळेत ज्या मुलांना सनावळी चुकली म्हणून उभं केलं, त्यांची मला तेव्हा पहिल्यांदा दया आली.

हळूहळू हाती लागलं ते असं. कारखाना उभा राहत होता तेव्हा यंत्रं जोडायला नगरकडच्या मिशनच्या गावांतून फिटर, वेल्डर, लोहार आले. यंत्रं जोडून झाली, पण ती चालवायलाही माणसं लागतात, म्हणून ही मंडळी इथंच राहिली. त्यांच्या बायका दवाखान्यात आणि बालवाडीत कामाला लागल्या. त्यांची पहिली मिस्सा, म्हणजे फादरनी करायची उपासना, सिमेंटच्या गोदामात झाली. पोत्यांची थप्पी हीच वेदी, तिच्यावर कुणाच्या तरी लग्नातली चादर. त्या वेळचे फादर महिन्यातून एकदा मोटारसायकलवर यायचे. रस्त्यात चिखल असला की यायचे नाहीत, मग कुणीतरी एकजण बायबल वाचायचा आणि बाकीचे ढोलकी-पेटीवर गाणी म्हणायचे. ज्या हंगामात शाफ्ट तुटला त्याच्या शेवटी कारखान्यानं वसाहतीच्या टोकाला दोन गुंठे जागा दिली, आणि पुढच्या वर्षी ऑफ सीझनमध्ये, गाळप बंद आणि मशिनरी उघडून ठेवलेली अशा दिवसांत, ह्या लोकांनी सुटी झाल्यावर स्वतःच्या हातांनी चर्च बांधलं. छपराच्या कैच्या मोडीत काढलेल्या शेडच्या, रीतसर परवानगीनं आणलेल्या. क्रूस बॉयलरच्या जुन्या नळीचा. सगळे हातानं काम करणारे, म्हणून चर्चच्या नावासाठी संतही त्यांनी सुतारकाम करणारा निवडला. त्याचा सण एक मेला येतो. तोवर हंगाम संपलेला असतो, हातात वेळ असतो, त्यामुळे सणाला सगळी वसाहत चर्चसमोर जेवायला बसायची. आम्हीही बसायचो. सणाच्या आदल्या आठवड्यात भिंतींना चुना द्यायचा, कारण धुराड्यातून पडणाऱ्या बगॅसच्या, म्हणजे जळलेल्या चिपाडाच्या, काजळीनं चर्च दर हंगामात काळं व्हायचं.

आणि घंटा. खरं तर घंटा म्हणजे रुळाचा तुकडा. पूर्वी शेतातून कारखान्यापर्यंत ऊस आणायला लहान रूळ होते. ट्रक-ट्रॅक्टर आल्यावर ते उखडून स्टोअरच्या मागं टाकले. त्यातला पुरुषभर लांबीचा तुकडा चर्चसमोर लोखंडी चौकटीला टांगलेला आहे आणि मोठ्या बोल्टनं तो बडवतात. आवाज असा खणखणीत की रविवारी आमची आई त्यावर डाळ शिजायला टाकायची. ह्या रुळाला वसाहतीत एक नाव पडलेलं आहे. चोरीची घंटा. प्रेमानं म्हणतात, हसत म्हणतात, पण म्हणतात चोरीचीच.

स्मरणिकेच्या मजकुरात मी लिहिलं, ‘घंटेसाठी लागणारा रूळ कारखान्याकडून मिळाला.’ वाक्य लिहिलं आणि उठून दोन कपाटं आवरली.

कारण मला माहीत होतं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. एका शनिवारी सकाळी आमच्या क्वार्टरच्या दारात एक फिटर आला. उंच, हाताला कायम ग्रीस, बोलताना खाली बघणारा माणूस. उद्या चर्चचा पहिला सण आहे, घंटा नाही, मागं पडलेल्या रुळाचा एक तुकडा मिळेल का, असं त्यानं विचारलं. मी दारातच पाटावर बसून गणितं करत होते. तात्या दाढी करत होते. साबण लावलेल्या तोंडानंच ते म्हणाले, “घेऊन जा. पास मी करून ठेवतो.”

कारखान्यात पासाशिवाय काडी बाहेर जात नाही, हे तिथं राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पासाचं पुस्तक असतं, तीन प्रतींचं. पांढरी गेटवर द्यायची, गुलाबी नेणाऱ्यानं ठेवायची, पिवळी स्टोअरला. पण तात्यांचा शब्द म्हणजे पासच, असं सगळे धरून चालायचे, आणि त्या माणसानंही तसंच धरलं. ही चूक फक्त आमच्याकडचा माणूसच करू शकतो. त्यानं भरदिवसा, पाळी बदलताना, शंभर लोकांसमोर बैलगाडीत घालून रूळ गेटातून बाहेर काढला. वॉचमननं विचारलं तेव्हा तो म्हणाला, तात्यांनी सांगितलंय, पास येतोय. वॉचमननंही गाडी सोडली.

पास आला नाही. दुपारी तात्यांनी पासाचं पुस्तक घरी आणलं, माल लिहिला, लांबी लिहिली आणि एका छापील ओळीशी अडकले. त्या ओळीत ‘परत करावयाचा’ आणि ‘परत न करावयाचा’ असे शब्द असतात, नको ते खोडायचे. परत येणाऱ्या मालाच्या पासावर सही करण्याचा अधिकार तात्यांना होता. परत न येणाऱ्या मालाला चीफ इंजिनिअरची सही लागायची, आणि ते पुण्याला गेले होते. तात्या पेन धरून बसले. आईनं जेवायला बोलावलं तर म्हणाले, साहेब आले की बघू. मग त्यांनी ते पान फाडलं. फाडलेलं पान चुलीत गेलं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

साहेब यायच्या आधी बोभाटा झाला. कुणीतरी वर कळवलं की कारखान्याचा माल चर्चला टांगलाय. चौकशी बसली. फिटर म्हणाला, तात्यांनी परवानगी दिली. तात्यांना बोलावून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “माझ्याकडून पास गेलेला नाही.” एवढंच. हे वाक्य खरं होतं. मी आयुष्यभर मुलांना इतिहासाची साधनं शिकवली, पण ह्या एका खऱ्या वाक्याइतका खोटेपणा मला दुसऱ्या कुठल्या कागदात सापडलेला नाही. त्या माणसाचं काम गेलं, क्वार्टर गेला. रूळ परत आणायला चार वॉचमन पाठवले, तर चौघेही हात जोडून परत आले. देवाच्या दारातलं काढायचं पाप आपल्या माथी कोण घेणार. अशा तऱ्हेनं चोर ठरलेला माणूस गेला आणि चोरलेला माल मानानं तिथंच राहिला.

मजकूर झाला. फादरची पद्धत अशी की काहीही छापायचं असलं की रविवारी मिस्सेनंतर ते लोकांना वाचून दाखवायचं, कुणाचं काही राहिलं असेल तर सांगा म्हणून. मार्चमधल्या एका रविवारी त्यांनी माझा इतिहास वाचला. मी मागच्या बाकावर बसले होते. सिमेंटच्या पोत्यांवर लोक हसले, पेटीवर हसले. घंटेचं वाक्य आलं आणि उजवीकडच्या भिंतीजवळची एक म्हातारी उठून उभी राहिली. ती त्या फिटरची बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. नवऱ्याचं काम गेल्यावर दोघं कोऱ्हाळ्याला गुऱ्हाळावरची इंजिनं दुरुस्त करायला गेली, आणि पुढं परत येऊन वसाहतीबाहेरच्या वस्तीवर राहिली. तेव्हापासून चर्चची झाडलोट तीच करते. सगळे तिला मावशी म्हणतात.

“कारखान्यानं दिला न्हाय,” ती म्हणाली. “माज्या मालकानं मागून आनलाय. चोरला न्हाय. तेवडं लिवा, बाई.”

फादर वसईकडचे, वयानं तरुण, इथं येऊन त्यांना दोनच वर्षं झालेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की ह्याला काही आधार आहे का, कारण नव्या घंटेसाठी देणगी मिळालेली आहे, पितळेची घंटा येते आहे, आणि सणानंतर रूळ उतरवून भंगारात द्यायचं ठरलंय. मी म्हणाले, बघते. हा शब्द तात्यांचा. माझ्या तोंडून तो इतक्या सहज निघाला की मला स्वतःची चीड आली.

पुढचे तीन आठवडे मी घरात पिसाळल्यासारखी वागले. तात्यांना चहा दिला तर कप आपटून दिला. ते काही विचारायचे नाहीत. विचारलं नाही म्हणून मला आणखी राग यायचा. लिहायला बसले की वाटायचं, नव्वदीच्या माणसाला आता लोकांसमोर उभं करून काय मिळणार. उठले की वाटायचं, मग त्या बाईला काय मिळालं. एकदा मी वाक्य बदलून ‘रूळ स्टोअरमधून उपलब्ध झाला’ असं केलं. मग स्वतःलाच म्हटलं, शाब्बास, बापाची लेक शोभतेस. कागद फाडून टाकला आणि फाडल्यावर हात थबकला, कारण आमच्या घरात कागद फाडायची रीत कुणी सुरू केली ते मला ठाऊक होतं.

शेवटी एका सोमवारी मी सकाळची गाडी धरली. मावशी चर्चची शहाबादी फरशी पुसत होती. मी चपला काढून आत गेले आणि म्हणाले की मला काही सांगायचं आहे. सांगायला सुरुवात केली, शनिवार, दाढीचा साबण, पाट. ती फडकं पिळत ऐकत होती. तिला आश्चर्य वाटलेलं दिसेना.

“म्या हुते की तितं,” ती म्हणाली. “कुपनाच्या भाईर उभी हुते. तू पाटावर बसली हुतीस, पिवळं परकर-पोलकं. तुज्या बी कानावर पडलं आसंल, आसं मला लई वरीस वाटत हुतं.”

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललात. तिनं सांगितलं की बोलायला ती निघाली होती, नवऱ्यानंच अडवलं. तात्यांना चार लेकरं आहेत, आपल्याला एकच. मला यंत्राचं काम येतं, मी कुठंही पोट भरीन, त्यांची नोकरी गेली तर ते काय करणार. आणि तात्यांच्या मनात खोट नव्हती, पास करायला त्यांना जरा उशीर झाला इतकंच, असं तो म्हणायचा. कोऱ्हाळ्यात असताना कारखान्याकडचं कुणी आलं की विचारायचा, माझा काही कागद दिलाय का.

“मरूस्तवर म्हनायचा, पास यील. तात्या पास करत्याल,” मावशी म्हणाली. “फादरनं सांगितलं, इतिहास तू लिवनार हायस. म्या म्हनलं, बरं झालं. दुसऱ्या कुनाच्या हातनं मला लिवून नगंच हुतं.”

येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली होती, पण बाहेर काय होतं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांचा चहा झाल्यावर मी त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला. आयुष्यात मी त्यांच्याशी असं वागले नव्हते. मी म्हणाले की मावशी त्या दिवशी कुंपणाबाहेर होती. ते लगेच म्हणाले, “मी खोटं बोललो नव्हतो.” म्हणजे पन्नास वर्षं हे वाक्य तयारच होतं. मी म्हणाले, खोटं नाही बोललात, त्याचा शब्द खोटा पाडलात. साहेब नव्हते, ते म्हणाले. अधिकार नव्हता. मुलं लहान होती. सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं आणि मग एवढंच सांगितलं की तो माणूस मरेपर्यंत म्हणत होता, तात्या पास करतील.

तात्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसले. बऱ्याच वेळानं अंघोळीला गेले. आल्यावर म्हणाले, “कार्बन पेपर मिळंल का कुठं?”

मिळायला दोन तास लागले. चार दुकानदार मला हसले. शेवटी कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याकडं दोन कागद मिळाले. तात्यांनी पांढरा, गुलाबी आणि पिवळा असे तीन कागद मागितले होते. हस्तकलेचे घोटीव कागद मिळाले, तेच आणले. त्यांनी पट्टी घेऊन रेघा मारल्या. कारखाना सोडून तीस वर्षं झाली, पण एक रकाना चुकला नाही. कार्बन खालपर्यंत उमटावा म्हणून फार जोर देऊन लिहीत होते. मालाचं वर्णन: जुना रूळ, एक तुकडा. लांबी. कशासाठी: चर्चची घंटा. नेणाऱ्याचं नाव, वडिलांच्या नावासकट. तारखेशी थांबले. मला वाटलं, ते त्या शनिवारची घालतील. पण मागची तारीख घालायची नसते, असं म्हणून त्यांनी लिहीत होते त्याच दिवसाची घातली. मग ती ओळ आली. ‘परत करावयाचा’ हे शब्द त्यांनी पट्टी धरून खोडले. चीफ इंजिनिअरच्या सहीच्या जागी स्वतःची सही केली, आणि खाली शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘परवानगी तोंडी दिली होती. पास वेळेत दिला नाही. दोष नेणाऱ्याचा नाही, निम्नस्वाक्षरीकाराचा आहे.’

मला रडू आलं. रडत रडत मी त्यांना म्हणाले की ‘निम्नस्वाक्षरीकार’ काढून ‘माझा’ लिहा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि रागावतील असं वाटत असताना तो शब्द खोडून वर ‘माझा’ लिहिलं. खाडाखोडीवर नियमाप्रमाणं छोटी सही केली.

स्मरणिकेतलं वाक्य मी त्याच दुपारी बदललं. फादरना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले की रूळ उतरवणार नाही, नवी घंटा शेजारी टांगू.

एक मेला तात्यांना घेऊन गेले. भिंतींना ताजा चुना होता. मिस्सेनंतर फादरनी नवं पान वाचलं, आणि तात्या काठी टेकत पुढं गेले. त्यांना भाषण करायचं होतं, दोन दिवस मनात जुळवलेलं. पण मावशी समोर आल्यावर ते राहूनच गेलं. त्यांनी गुलाबी कागद पुढं केला आणि म्हणाले, “उशीर झाला.”

मावशीनं कागद दोन्ही हातांत घेतला. तिला वाचता येत नाही. तिनं मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावलं आणि मग खोडलेले शब्द कुठले ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं. त्या रेघेवरून तिनं अंगठा फिरवला. तात्यांना काही बोलेल असं मला वाटत होतं. माफ केलं म्हणेल, किंवा नाही म्हणेल. ती म्हणाली, “पांढरा कुटं हाय?”

पांढरी प्रत माझ्या पर्समध्ये होती. चर्चच्या दप्तरात ठेवायला फादरना द्यायची होती. मावशी म्हणाली, पांढरा गेटवर द्यायचा असतो. फादर म्हणाले, मावशी, आता तिथं त्याचं काय काम. लोकांनीही समजावलं, जेवणाची पंगत बसतेय, उन्हाचं कुठं जाता. तिनं ऐकलं नाही. तात्या मात्र लगेच म्हणाले, बरोबर आहे, गेटवर दिल्याशिवाय पास पुरा होत नाही. त्या दोघांचं एकमत झाल्यावर मी कोण.

रिक्षात आम्ही तिघं बसलो. गेट आता मोठं आहे, आडवा दांडा, केबिन, कॅमेरा. हंगाम संपलेला, त्यामुळं आत सामसूम होती. केबिनमध्ये एका एजन्सीचा चाळिशीतला वॉचमन पंखा लावून बसला होता. खिडकीतून आत सरकवलेला पांढरा कागद त्यानं उलटसुलट करून पाहिला. असा पास त्यानं कधी बघितला नव्हता, आता सगळं कॉम्प्युटरवर निघतं. त्यानं मान बाहेर काढून रिक्षात नजर टाकली, मग आमच्या हातांकडे बघितलं आणि विचारलं की माल कुठाय.

तात्या उत्तर द्यायला पुढं झाले होते. मावशीनं त्यांना हातानं मागं सारलं.

“माल कवाच भाईर गेलाय, बाबा,” ती म्हणाली. “पास आज आलाय. तेवडा शिक्का मार.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं टेबलाचा खण उघडला, शिक्का शोधला, पॅडवर दोनदा दाबला आणि पांढऱ्या कागदावर मारला.